हायकेची मराठी आणि माणातला दगड

माण तालुक्यातल्या ज्या गावी मी गेल्या माघात जाऊन आले, त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. तसा शब्द दिलाय, आणि पुढचं वाचलंत की का दिला ते तुम्हालाही पटेल. बाकी सगळं झालं तसं सांगते.

मी मूळची चिपळूणची. पुण्याला विद्यापीठात जर्मन घेऊन एम. ए. करते. घरी फोन केला की बाबा तब्येत विचारायच्या आधी विचारतात, "जर्मन शिकून करणार काय गं तू?" मी विषय बदलायचे. पुस्तकातले संवाद मला पाठ होते. जर्मनीतल्या हॉटेलात माझ्या सुपात माशी पडली असती तर मी अस्खलित तक्रार केली असती. पण माशी पडायला आधी जर्मनीला जावं लागतं. एम. ए. सोडून बँकेच्या परीक्षेचा क्लास लावावा, असं मनाशी जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात आमच्या सरांनी बोलावलं.

"जर्मनीहून एक संशोधक बाई आल्यात. माणात एका शिलालेखापर्यंत त्यांना घेऊन जायचंय. तुझी जर्मन आणि त्यांची मराठी, असं मिळून भागेल."

त्यांच्या खोलीत एक उंच मुलगी बसली होती. उन्हानं नाक लाल झालेलं, शेजारी तिच्याएवढीच सॅक. मला पाहताच ती उठली, हात जोडले आणि म्हणाली, "तुमतें देखोनि आम्हां थोर सुख जालें."

मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

तिचं नाव हायके. तिच्या विद्यापीठात ती संस्कृत, प्राकृत, लॅटिन आणि जुनी मराठी शिकली होती, आणि यादवकाळातल्या शिलालेखांवर प्रबंध लिहीत होती. मराठी तिला उत्तम येत होती. फक्त आजची येत नव्हती. सातशे वर्षांपूर्वी ती देवगिरीला उतरली असती तर तिचं काहीच अडलं नसतं.

माणातल्या एका गावी कुणाच्या अंगणात एक लेख कोरलेला दगड आहे, आणि त्याच्या वरच्या दोन ओळींचा धूसर फोटो सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पाठवला होता. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या दगडावाचून अडलं होतं, आणि आठवड्याभरात तिचं परतीचं विमान होतं.

लोणंद

सकाळच्या गाडीनं लोणंदला उतरलो. स्टेशनाबाहेर कांद्याचा वास इतका, की बाजार न विचारता सापडावा. चहाच्या गाड्याशी जाऊन हायके आदबीनं म्हणाली, "बापा, चहा नावें जें पेय, तें आम्हां देयावें."

चहावाल्यानं गाळणी खाली ठेवली. माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "ताई, ह्या कोंच्या मठाच्या?"

"मठाच्या नाहीत. जर्मनीच्या आहेत."

"आसंल. पन बोलनं लय गोड हाय." आणि त्यानं सरळ डोकं पुढे केलं. हायकेला वाटलं ही इथली रीत असेल. तिनं डोक्यावर हात ठेवला. ते बघून चहा प्यायला आलेले आणखी दोघं वाकले. चिपळूणला आम्ही अनोळखी माणसाला आधी 'कोणाचे तुम्ही?' विचारतो, मग बसायला सांगतो. इथे लोक आधी पाया पडतात, मग चौकशी करतात.

"नाव काय म्हनायचं बाईंचं?" चहावाल्यानं विचारलं.

"हायके," हायके म्हणाली.

"हाय की. पन काय हाय?"

"हायके!"

"आवं, हाय की! न्हाई कोन म्हनतंय? काय हाय त्ये तरी सांगा."

शेवटी बस आली म्हणून सुटका झाली. बसमध्ये कंडक्टरनं दोघींना बायकांचं अर्धं तिकीट दिलं. हायकेनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "आम्ही अर्धमानुष असों काय?"

"सरकार म्हनतंय तसं करतोय बाई," कंडक्टर म्हणाला. "माझ्या मंडळीला इचारा, ती सवाई हाय."

फलटणच्या पुढे ऊस मागे पडला आणि घाट चढून वर आल्यावर झाडंही मागे पडली. आमच्या कोकणात दगडाला शेवाळ धरतं. इथे दगडाला फक्त ऊन धरलेलं. माळावर मेंढरं इतकी संथ सरकत होती की माळच सरकतोय असं वाटावं. हायके खिडकीला नाक लावून बघत होती आणि मागच्या बाकावरच्या दोन गड्यांचं बोलणं कान देऊन ऐकत होती. ते एकमेकांना सारखं 'लय' आणि 'गड्या' म्हणत होते. तिनं ते दोन्ही शब्द पुटपुटून पाहिले. मी तेव्हाच काही बोलायला हवं होतं.

हौसाकाकींचं अंगण

दहिवडीहून वडापच्या, म्हणजे भरेल तेव्हा सुटणाऱ्या जीपनं आम्ही गावात पोचलो. दगड हौसाकाकींच्या अंगणात होता. हौसाकाकी पंचावन्न-साठच्या, शेळ्या राखणाऱ्या, आवाज असा की माळाच्या पलीकडची शेळी हाकेला परत यावी. थोरला मुलगा मुंबईला, धाकटी दिल्या घरी. त्यांनी हायकेकडे खालून वर बघितलं, बराच वेळ लागला, मग म्हणाल्या, "आदी जेवा. दगूड कुटं पळून जातोय?"

जेवायला बाजरीची भाकरी, खर्डा आणि हुलग्याचं माडगं. माडगं तोंडाला लावलं आणि मी चमकले. ही तर आमची कुळथाची पिठीच, थोडी जास्त मोकळी! आम्ही कोकणात ती भाताशी खातो आणि जगात फक्त आमच्याकडेच मिळते असं पाहुण्यांना ठसवून सांगतो. मी काकींना तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "मग तुमी आमचंच खाताय की."

हायकेनं मिरचीचा खर्डा चमचाभर उचलून तोंडात टाकला. तिच्या नाकाचा लाल रंग कानापर्यंत गेला. डोळ्यांतून पाणी. "हा साक्षात अग्नि असे," ती म्हणाली, आणि जरा श्वास घेऊन, "आणिक देयावा." त्या क्षणापासून काकी तिच्या झाल्या.

मग दगड बघितला. अंगणाच्या मध्ये दगड रचून एक बुटका गडगा घातला होता, अलीकडे काकींचं घर, पलीकडे बंद घर, आणि गडग्याच्या बरोबर मधोमध दगड. कंबरभर जमिनीवर, उरलेला मातीत. वर चंद्र-सूर्य, त्याखाली फोटोतल्या दोन पुसट ओळी, आणि त्याखाली शेंदराची जाड खोळ.

"आमचा मूळपुरुष हाय त्यो," काकी म्हणाल्या. "दरोडा पडला तवा लढता लढता पडला. घोड्यावर हुता. दगडाचं तोंड बघा, आमच्याकडं हाय. तरी म्हंत्यात त्यो त्येंचा हाय."

"कोण म्हणतात?"

काकींनी हनुवटीनं गडग्यापलीकडे दाखवलं. "त्येच."

ते म्हणजे काकींचे चुलत दीर, लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. आता सांगलीला राहतात. मूळपुरुष कुणाच्या शाखेचा, यावरून वाटणीच्या वेळी जी तेढ पडली त्यानंतर दोघांत बोलणं नाही. सुभेदारांनी त्यांच्या बाजूनं, म्हणजे दगडाच्या पाठीला, वेगळा शेंदूर लावलेला. भाऊबंदकीत दगडाला एवढी चांगली राखण मिळालेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

हायकेला लेख वाचायचा म्हणजे खोळ काढावी लागणार आणि माती उकरावी लागणार. काकी म्हणाल्या, "माझी ना न्हाई. पन त्येंला इचारल्याबिगर हात लावलासा तर उद्या माझ्या नावानं शिमगा करत्याल. जावा सांगलीला."

"आपण इचारावें," हायके माझ्याकडे वळून म्हणाली, "लय दूर असे काय?"

औंधावरून

दुसऱ्या दिवशी सांगलीला जाताना औंधाला उतरलो, कारण हायकेला यमाईचं दर्शन घ्यायचं होतं. डोंगर चढताना तिच्या पाठीवरची सॅक बघूनच मला धाप लागली. वर एका बाईंनी तिला कुंकू लावलं आणि विचारलं, "लगीन झालं का?"

"विवाह जाला नाहीं. आम्ही पोथियांसवें असों."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अजून शिकतेय ती." बाई म्हणाल्या, "मग आसं सरळ सांगावं की," आणि माझ्या कपाळावर जास्तीचं कुंकू लावलं. लग्नाचा धोका मलाच अधिक, असा त्यांचा अंदाज असावा. खाली येईपर्यंत बस गेली होती. दुसरी मिळेपर्यंत फाट्यावर पेरू खात बसलो.

सांगली

सांगलीत हळदीचा आणि भडंगाचा वास एकत्र येतो, आणि माणातून गेल्यावर नदीचं पाणी बघून डोळे निवतात. सुभेदारांचं घर लख्ख होतं. चपला एका रेषेत, कुंड्या एका रेषेत. ते स्वतः त्याच रेषेत उभे असल्यासारखे दारात उभे होते. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ.

हायकेनं पुढे होऊन हात जोडले आणि प्रवासात कमावलेली सगळी पुंजी एका वाक्यात ओतली. "नमस्कार असो, गड्या!"

सुभेदारांच्या मिशा हलल्या. मी जमिनीकडे बघत राहिले. मग ते म्हणाले, "युनिटमध्ये गेल्यापासून मला या नावानं कुणी हाक मारली नाही. बसा, बसा!" आणि भडंगाचं ताट आलं.

त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. मग उठून उभे राहिले. "आमचा पूर्वज सैनिक होता. कॅव्हलरी! घोडदळ! माझे वडील फौजेत, मी फौजेत, हे रक्त येतं कुठून? त्या दगडातून. मी तिथे स्मारक करणार आहे. घोड्याचा पुतळा सांगायचाच बाकी आहे. वाचा तुम्ही लेख. सगळ्या गावासमोर मोठ्यानं वाचा. नाव कुणाचं आहे ते समजू दे एकदा. पण मी हजर राहणार. आणि गडग्यापलीकडच्यांना सांगा, लेखात आमच्या शाखेचं नाव निघालं तर गडगा हलणार."

मी ते सगळं हायकेला जर्मनमध्ये सांगायचा प्रयत्न केला. 'घोडदळ' आमच्या पुस्तकात नव्हतं. मी 'पुष्कळ घोडे, वर माणसं' असं सांगितलं. तिनं समजून मान हलवली.

पुन्हा अंगणात

सुभेदारांच्या गाडीतून आम्ही परत आलो. ही बातमी आमच्या आधी पोचली होती. गडग्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, वर पोरं, बायका सारवलेल्या ओट्यावर. काकी एका बाजूला, सुभेदार दुसऱ्या, आणि मध्ये मी.

"त्यांना सांगा," सुभेदार मला म्हणाले, "सकाळी माती उकरताना त्यांच्या शेळ्या बांधून ठेवाव्यात."

काकी हातभर अंतरावर उभ्या होत्या. तरी मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, "काकी, शेळ्या बांधून ठेवायला सांगतायत."

"त्येंला म्हनावं, शेळ्या बांदल्याल्याच हायत. मान्सं कोन बांदणार?"

मी सुभेदारांकडे वळले. "आबा, शेळ्या बांधलेल्या आहेत." पुढचं गाळलं. दुभाष्यानं सगळंच सांगायचं नसतं, हे तिथे मला कळलं. जर्मन शिकलेल्या मुलीनं त्या संध्याकाळी मराठीतून मराठीत भाषांतर केलं, आणि ते काही सोपं नव्हतं.

सकाळी काकींनी दगडाची पूजा केली, नारळ फोडला. सुभेदारांनी आपल्या बाजूनं दुसरा फोडला. मग हायके आणि मी तेलाच्या बोळ्यांनी शेंदूर सैल करत बसलो. खोळ अख्खी सुटून आली आणि खाली आणखी अक्षरं दिसली. हायके पुढे सरसावली. कपाळ दगडाला लागेल इतकी जवळ जाऊन ती बोटानं अक्षर अक्षर चाचपत होती. "उदक," ती पुटपुटली. "तळें. भूमि." पुढच्या ओळी मातीत गेल्या होत्या.

भावकीतले दोघं कुदळ घेऊन पुढे आले, एक या बाजूचा, एक त्या. हायके त्यांना हळू उकरायला सांगत होती. थोडी माती निघाली आणि कोरलेलं चित्र वर यायला लागलं.

"कान!" इकडचा ओरडला. "घोड्याचे कान हायत!"

सुभेदारांनी शर्ट नीट खोचला. "बघा! घोडा! मी काय सांगत होतो?" कुणीतरी मूळपुरुषाच्या नावानं चांगभलं केलं. काकींनी पदरानं डोळे पुसले.

आणखी थोडी माती निघाली. तिकडचा कुदळवाला जरा थांबला. "कान लय लांब वाटत्यात न्हवं?"

"जुन्या काळी घोड्यांचे कान लांब असायचे," सुभेदार म्हणाले.

आणखी माती निघाली. तोंड दिसलं. तो माणूस दगडाकडे बघत राहिला, मग सुभेदारांकडे, मग पुन्हा दगडाकडे.

"आबा, ह्ये गाढाव हाय."

"मूळपुरुष गाढवावर हुता?" गडग्यावरून एका पोरानं विचारलं. तोवर शेवटची माती निघाली होती आणि गाढवाच्या खाली काय कोरलंय तेही दिसलं होतं. गाढवावर मूळपुरुष नव्हता. गाढवाखाली एक बाई होती. आणि दोघांचं काय चाललंय, याबद्दल कारागिरानं शंकेला जागा ठेवली नव्हती.

काकींनी झडप घालून गोणपाट आणलं आणि दगडावर टाकलं. सुभेदार सावधानमध्ये उभे राहिले. बायकांनी पदर तोंडात धरले. सबंध गावात एकच माणूस आनंदानं उड्या मारत होतं.

"गाढव!" हायके टाळ्या पिटत होती. "थोर गाढव! लय थोर गाढव!" तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. तिला हवी होती ती हीच, जुन्या दानलेखाखाली येणारी गाढवाची शिवी, चित्रासकट आणि अक्षर न झिजलेली. तिनं गोणपाट अर्धं उचललं, घसा साफ केला आणि सुभेदारांना दिलेल्या शब्दाला जागून मोठ्यानं वाचायला लागली.

तिला थांबवायलाच हवं होतं. मी जर्मनमध्ये ओरडायला तोंड उघडलं, आणि घाबरल्यामुळे जे पाठ होतं तेच बाहेर पडलं. "माफ करा, माझ्या सुपात माशी आहे!"

हायके थांबली. माझ्याकडे काळजीनं बघितलं. आसपास सूप नाही याची खात्री केली आणि शेवटपर्यंत वाचलं.

आजवर मला वाटायचं जुनी मराठी आजच्या माणसाला कळत नाही. पहिल्या ओळी कळल्या नाहीतच कुणाला. पण सातशे वर्षांत बाकी भाषा एवढी बदलली तरी तेवढे दोन-तीन शब्द जसेच्या तसे राहिले होते. आई, गाढव, आणि मधलं क्रियापद. पोरंसोरं गडग्यावरून खाली पडली.

मग काकी सुभेदारांकडे वळल्या. माझ्याकडे नाही. सरळ त्यांच्याकडे.

"दगूड तुमचाच हाय, आबा. तुमी कवापासनं म्हनत हुता. मी उगं आडून बसले."

"न्हाई न्हाई, वैनी," सुभेदारांची फौजी मराठी गळून पडली, "तोंड तुमच्याकडं हाय त्येचं. तुमीच ठेवा."

"आसं कसं? भावकीतली थोरली पाती तुमची."

"पन पूजा तुमच्या घरची!"

हे दोघं एकमेकांशी बोलतायत हे आधी बघणाऱ्यांच्या ध्यानात आलं, मग त्यांच्या. काकी मध्येच थांबल्या. सुभेदारांची मिशी थरथरली. आणि काकींना जे हसू फुटलं ते माळापलीकडे गेलं असणार. सुभेदार गडग्यावर बसून गुडघ्यावर थापा मारत हसत होते.

हसून झाल्यावर काकींनी डोळे पुसत मला विचारलं, "पन पोरी, कोरून ठेवन्याइतका कुनाला एवढा राग आला आसंल गं? इचार तिला."

मी विचारलं. हायके जर्मनमध्ये बोलत राहिली, भराभर, हातवारे करत. आणि मी ऐकता ऐकता सांगत गेले. कुणा माणसानं गावासाठी आपली जमीन देऊन तळं बांधलं होतं. त्याचं पाणी माणसाला, गुराला, वाटसरूला, सगळ्यांना. जो कुणी ती जमीन लाटेल किंवा कुणाचं पाणी अडवेल, त्याला ही शिवी. सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी एकदाही अडखळले नव्हते. बँकेच्या क्लासची फी भरायची माझ्या हातून राहूनच गेली, ती त्या दिवसापासून.

काकी दगडाकडे वळल्या. "म्हंजे पान्यापायी दिलीया शिवी?"

"हो."

"मग आक्षी बराबर दिलीया." त्यांनी गोणपाट काढून टाकलं, मान तिरकी करून पुन्हा एकदा नीट बघितलं. "चित्र बी झ्याक काढलंय."

त्या गावाला उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं. देवळापाशी सार्वजनिक टाकी आहे आणि तिथे दरवर्षी रांगेवरून डोकी फुटतात. दगड टाकीपाशी उभा करायचा, ही सूचना काकींची. सुभेदारांनी ती उचलून धरली, रीतसर परवानगी काढायचं काम अंगावर घेतलं आणि घोड्याचा पुतळा रद्द केला. एकच अट गावानं सगळ्यांना घातली की गावाचं नाव बाहेर कुठे छापायचं नाही. शेजारच्या गावांना गाढवाचा पत्ता लागला तर पोरांची लग्नं जमायची नाहीत.

हायके आपले फोटो आणि ठसे घेऊन विमानात बसली. निघताना काकींच्या गळ्यात पडून म्हणाली, "काकी, तुमतें सोडोनि जाणें लय जड असे." काकींनी तिला खर्ड्याची बरणी दिली.

मागच्या महिन्यात सुभेदारांचा फोन आला. दगड टाकीपाशी उभा राहिला होता. आता शेजारी आजच्या मराठीत पाटी हवी होती, आणि ते काम माझं. "अर्थ पूर्ण आला पाहिजे," त्यांनी बजावलं, "पण तिथे आयाबहिणी पाणी भरतात, पोरं शाळेला जातात. आणि हो, शिवीचा धाक गेला नाही पाहिजे."

मी शब्दकोश काढले. सभ्य शब्द घातला की धाक जायचा. धाकाचा शब्द घातला की पाटी जायची. हायकेला विचारलं तर तिनं चौदा जर्मन पर्याय पाठवले, एकाहून एक भयंकर. शेवटी एका सकाळी चहा पिता पिता सुचलं, आणि तेच रंगवून घेतलं. माझं पहिलं प्रसिद्ध भाषांतर आज त्या टाकीपाशी उभं आहे:

'हे पाणी सर्वांचे आहे. जो कोणी दुसऱ्याचे पाणी अडवील, त्याच्या घरी काय घडेल ते शेजारील चित्रात पाहावे.'